डाव्या डोळ्याखालचा भोवरा

त्या कागदावर घोडा आधीच छापलेला असे. डावीकडून एक, उजवीकडून एक, समोरून नुसतं तोंड आणि खाली चार पाय, गुडघ्यापासून खुरापर्यंत. घोडा कुणाचाही असो, कागदावर तोच. आपल्यापुढे उभं असलेलं जनावर त्या छापील घोड्याहून कुठे वेगळं आहे, एवढंच आपण दाखवायचं. अंगावर पांढरं कुठे आहे ते लाल शाईने, आणि केसांचे भोवरे कुठे आहेत ते काळ्या शाईच्या फुलीने. जातिवंत घोड्यांची वंशावळ ठेवणारं एक ऑफिस मुंबईकडे होतं. घोडेवाले त्याला नुसतं ‘स्टडबुक’ म्हणत. तिथल्या जाड पुस्तकात शिंगराचं नाव चढायचं असेल, तर हा कागद जनावरांच्या डॉक्टरच्या सहीने तिकडे जावा लागे. पुस्तकात नाव नसलेल्या घोड्याला शर्यतीच्या मैदानात पायही ठेवता येत नसे, मग तो वाऱ्यासारखा का पळेना.

माझे बाबा जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. नागपुरात आमचं क्वार्टर दवाखान्याच्या भिंतीला लागूनच होतं. सकाळी मिलचा भोंगा व्हायचा, त्याच्या आधी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि त्याच्याही आधी बाहेरच्या खोड्यात उभ्या केलेल्या बैलांचं फुरफुरणं. फिनाइलचा वास आमच्या कपड्यांना होता, अंथरुणांना होता. पाहुणे तर म्हणत की तुमच्या लाखोळीच्या वरणालाही तो येतो. आम्हाला काही येत नसे. आई दुपारी अंबाडीची भाजी शिजायला घालून दारात बसे आणि दवाखान्यात आलेल्या बायांशी बोले. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या शेळीला फाशीचा रोग लागला, सगळं तिला बाबांच्या आधी कळायचं. गल्लीतले लोक बाबांना ‘ढोरडॉक्टर’ म्हणत. बाबांना त्याचा राग नव्हता. आमच्या घरात मेलेली ढोरं ओढण्याचं काम कितीतरी पिढ्या चाललेलं. त्या घरातला मुलगा जिवंत ढोरांचा डॉक्टर झाला होता. बाबांच्या वडिलांनी जन्मभर अंगठा दिला. म्हणून असेल, बाबा सहीला फार जपत. कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्यांचं पेन उघडत नसे, आणि उघडलं की आडनावासकट सगळं नाव, एकही अक्षर न गाळता, ते सावकाश लिहीत.

एका बैलाने लाथ मारल्यापासून बाबांचं उजवं मनगट बारीक कामाला नीट चालत नसे. सही होई, पण चित्र होत नसे. माझ्या ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा झालेल्या होत्या आणि मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. घोड्याचा कागद आला की बाबा मला सोबत नेत. मी जनावराभोवती फिरून फिरून पाही, बाबा हाताने केस चाचपून “इथं एक, मानेवर एक” असं सांगत, आणि मी फुल्या मारी. आधी साध्या कागदावर पेन्सिलने कच्चं काढायचं, मग शाईने पक्कं. वर्षातून असे दोन-तीनच कागद यायचे, कारण आमच्या भागात जातिवंत घोडी ठेवणारे लोकच मोजके होते. त्यातले एक होते भैयासाहेब. खापा गावाच्या पुढे, कन्हान नदीच्या काठाला त्यांची संत्र्याची बाग होती, आणि बागेच्या टोकाला तबेला.

त्या थंडीत त्यांच्याकडे तांबूस रंगाचं मादी शिंगरू झालं होतं. घोडी व्याल्याची खबर तेव्हाच बाबांच्या सहीने मुंबईला गेली होती. आम्ही स्कूटरवरून गेलो तेव्हा ते दीड महिन्याचं असेल. त्याची आई गुलनार ही उंच, काळसर घोडी. बाप मुंबईच्या मैदानावर गाजलेला. तबेल्याचं सगळं काम डोमाजी पाही. चाळिशीचा, हडकुळा, पायात टायरच्या चपला. बोलायला लागला की आधी घोड्याकडे बघायचा आणि मग माणसाकडे. त्याने शिंगराला धरून ठेवलं होतं, पण मी डावीकडे गेले की तो त्याचं तोंड हळूच आपल्या छातीशी वळवी. दोन-तीनदा तसं झाल्यावर बाबा म्हणाले, “डोमाजी, सोड गा तोंड.” त्याने सोडलं. डाव्या डोळ्याच्या खाली, जिथून पाणी ओघळतं त्याच जागेवर, केसांचा एक भोवरा होता. जुन्या चवलीच्या नाण्यापेक्षाही लहान. नीट गोल, जणू कुणी बोटाने फिरवून ठेवलेला.

मला तो सुंदर वाटला. मी पेन्सिल टेकवली तेवढ्यात मागून भैयासाहेब आले. पांढरं धोतर, अंगात स्वेटर, आवाज अगदी मऊ. ते बाबांना बाजूला घेऊन बोलले नाहीत. आमच्या सगळ्यांच्या देखत बोलले. घोडेवाले त्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात, तो ज्याच्या दारी असतो त्या घरात रडणं येतं, असं त्यांनी सांगितलं. आतल्या दाराशी त्यांच्या म्हाताऱ्या आई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत, पण त्यांची नजर शिंगरावरून हलत नव्हती. शेवटी भैयासाहेब म्हणाले, बाकी सगळं काढा, एवढी एक फुली राहू द्या. केसांचा तर भोवरा, मुंबईच्या लोकांना त्याचं काय.

बाबांनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं, “मी शुभ-अशुभ मानत नाही, भैयासाहेब. पण भोवरा आहे. आहे तो कागदावर येईल.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काढ.”

मी काढला. भैयासाहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. पक्कं चित्र झालं, बाबांनी सही केली, आणि तेव्हा भैयासाहेबांनी हात पुढे केला. कागद मीच पोस्टात टाकीन म्हणाले, उद्या सावनेरला जायचंच आहे. बाबा एरवी कागद स्वतः रजिस्टरने पाठवत. त्या दिवशी एकदा नाही म्हणून झालं होतं, दुसऱ्यांदा नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. त्यांनी कागद दिला. निघताना भैयासाहेब मला म्हणाले, “तुझा हात चांगला आहे, कुंदा.” माझं नाव त्यांना कुणी सांगितलं होतं, ते मला आठवेना. परतीच्या वाटेवर ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण स्कूटरच्या आवाजात राहून गेलं.

मला तेव्हा वाटलं, श्रीमंत माणूस, पण अंधश्रद्धाळू. आता वाटतं, ती अर्धीच गोष्ट होती. ज्या कागदावर तो भोवरा नसता, त्या कागदावर कोणतंही तांबूस शिंगरू गुलनारचं म्हणून बसलं असतं.

महिना गेला, दीड गेला. कागद पोचल्याची चिठ्ठी येते ती आली नाही. आली ती संत्र्यांची टोपली. सायकलवरून एक माणूस आला, दारात टोपली ठेवून काही न बोलता निघाला. बाबांनी त्याला हाक मारून ती परत दिली. आठवड्याने पुन्हा टोपली. ती परत दिली तेव्हा तो माणूस हसला, आणि त्या दिवसापासून कधी सकाळी, कधी दुपारी, समोरच्या पानठेल्याला सायकल टेकवून उभा दिसू लागला. त्याने कधी काही केलं नाही. नुसता उभा असे. आई दारात बसायची बंद झाली. अंबाडीची भाजी आता दार लोटून शिजे.

मग मुंबईकडून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की, गुलनारच्या शिंगराचा नोंदणीचा कागद एका दुसऱ्या डॉक्टरच्या सहीने मिळाला आहे. घोडी व्याल्याची पहिली खबर मात्र तुमच्या सहीची आहे. असं का, ते पाहायला आमचा तपासनीस येतो आहे, तुम्ही हजर राहावं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मग दवाखान्याचं रजिस्टर काढून त्या दिवसाची नोंद पाहिली, आणि मला विचारलं, पेन्सिलचं कच्चं चित्र ठेवलंस का? माझ्या ड्रॉइंगच्या वहीत ते होतं.

तपासणीच्या दोन दिवस आधी डोमाजी आमच्याकडे आला. भर दुपारी, घामाने भिजलेला. खाप्याहून एस.टी.ने येऊन स्टँडपासून चालत आला होता. पानठेल्यापाशी त्या वेळी कुणी नव्हतं; ते बघूनच तो आत आला असावा. आईने चहा दिला, तर कप हातात धरून बसला, प्यायला नाही. मग बोलला.

“सायेब, तुम्ही परवा येऊ नका. बिमार पडा.”

बाबांनी विचारलं, काहून?

“तिथं दुसरं शिंगरू बांधलं हाय. देशी घोडीचं. रंग सारखाच.”

“अन् गुलनारचं?”

डोमाजीने कप खाली ठेवला. “हाय न,” म्हणाला. “हाय कुठंतरी.” मग एकदम उठला. चहा तसाच राहिला. दारात वळून त्याने आईला हात जोडले आणि म्हणाला, “बाई, तुम्ही तरी सांगा सायेबाले. माह्या घरचे सारे मालकाच्याच वाडीत राह्यतेत.”

त्या संध्याकाळी आईने पहिल्यांदा बाबांशी वाद घातला. तिचं म्हणणं सरळ होतं. रजा टाका. तपासनीस आपल्या डोळ्यांनी पाहील, लिहील, जाईल. घोडा त्यांचा, पुस्तक त्यांचं, आपण मध्ये काहून? बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, एकदा माझ्या सहीचा कागद त्या माणसाने गिळला. आता मी घरी बसलो तर तो खोटा कागदही माझ्याच गप्प बसण्याने खरा होईल. आई म्हणाली, “अन् तो डोमाजी?” डोमाजीचं नाव आपल्या तोंडून निघणार नाही, एवढंच ते म्हणाले. आम्हाला तिघांनाही ते तेव्हा पुरेसं वाटलं.

आम्ही गेलो. मला न्यायचं बाबांच्या मनात नव्हतं. मीच हट्टाने गेले. वही पिशवीत घातली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता आणि बागेतली संत्री उतरवून झाली होती. गड्यांनी भरलेला असायचा तो तबेला त्या दिवशी रिकामा होता. गुलनारही तिथे नव्हती. तिला हवापालटाला रामटेककडच्या शेतावर पाठवलं आहे, असं भैयासाहेबांनी सांगितलं. तपासनीस उतारवयाचे होते, फौजेतून निवृत्त झालेले, हॅट घातलेले, हिंदी-मराठी मिसळून बोलणारे. त्यांनी एकच गोष्ट विचारली: आईवाचून एवढं लहान शिंगरू? भैयासाहेब म्हणाले, दूध तोडलं. तेवढ्यात दूर, विटांच्या भिंतीपलीकडे कुठेतरी, एक घोडी खिंकाळली. लांबलचक आणि चिरकी. कुणी मान वळवली नाही. डोमाजीने तेवढी शिंगराच्या पाठीवरून हात फिरवण्याची गती वाढवली.

शिंगरू तांबूसच होतं. तेवढंच उंच. डोळ्याखाली काही नव्हतं. तपासनिसांनी बाबांना विचारलं, डॉक्टर, आपण पाहिलं ते हेच का?

बाबा जवळ गेले, त्याच्या गालावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “नाही. ते हे नाही.”

भैयासाहेब रागावले नाहीत. हसून म्हणाले, डॉक्टरसाहेब दिवसाला शंभर जनावरं पाहतात, आठवण चुकते माणसाची. तपासनिसांनी मान हलवली. त्यांना ते पटतंय असं मला वाटलं, आणि कुणी न विचारता मी वही काढली. पान उघडून त्यांच्या हातात दिलं. पेन्सिलीने काढलेलं तोंड, डाव्या डोळ्याखाली फुली, आणि खाली माझ्याच अक्षरात दिवस आणि गाव. तपासनिसांनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, शिंगरू पाहिलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. मला अभिमान वाटत होता.

“मग हा बदल कुणी केला?” त्यांनी विचारलं.

भैयासाहेबांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. “डोमाजीला विचारा,” म्हणाले. “तबेला त्याच्या हातात आहे. मी तर बागेत असतो.”

डोमाजी मान खाली घालून उभा होता. घोडी पुन्हा ओरडली. मग तो बोलला, पाठ करून ठेवलेलं म्हणावं तसं, एका दमात.

“मीच बदललं जी. ते शिंगरू माह्या हातानं मेलं. मी भेलो. मालकाले न सांगता दुसरं आणून बांधलं.”

बाबा पुढे झाले. हा खोटं बोलतो आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तपासनिसांनी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? डोमाजी आमच्या घरी येऊन गेला हे सांगावं, तर भैयासाहेब समोर उभे होते. न सांगावं, तर डोमाजी चोर. मी बाबांना असं अडलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तपासनीस भले गृहस्थ होते. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि मग कबुली झाली तशी लिहून घेतली. डोमाजीने अंगठा दिला. शिंगराची नोंदणी नामंजूर झाली, आणि मालकाची नोकराने फसवणूक केली, असं कागदावर आलं. वही मला परत देताना तपासनीस म्हणाले, शाबास बेटी. डोमाजीने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी सकाळी आई झाडायला बाहेर गेली तर फाटकाच्या कडीला जनावराच्या तोंडाला बांधतात तशी एक लहानशी म्होरकी अडकवलेली होती. शिंगराची. लोकरीची, तांबड्या गोंड्याची, गळ्याशी ओली. आईने ती हातात घेतली नाही. बाबांना हाक मारली. बाबा तशीच स्कूटर काढून खाप्याला गेले. मीही मागे बसले. वाडीत डोमाजीच्या घराला कुलूप नव्हतं, कारण दारच काढून नेलं होतं. आत चुलीत राख, एक फुटका रांजण, बाकी काही नाही. शेजारच्या घरांतून माणसांचे आवाज येत होते, ते आम्ही उभे राहिल्याबरोबर थांबले. बाबांनी दोन दारं वाजवली. एक उघडलं, एका बाईने “माहीत नाही जी,” म्हटलं आणि लावून घेतलं. पावसाळ्याच्या तोंडाशी बाबांची बदली चांद्याकडच्या जंगलातल्या एका गावी झाली. हुकमात कारण लिहिलेलं नव्हतं. बाबांनी विचारलंही नाही. सामान बांधताना ड्रॉइंगची वही मी पिशवीत टाकली आणि मग काढून रद्दीत दिली. पुढे घोड्याचे कागद आले तेव्हा बाबा एकटेच गेले. चित्र वाकडंतिकडं का होईना, आपल्या हाताने काढू लागले.

डोमाजी आम्हाला पुन्हा भेटला तो कितीतरी वर्षांनी. बाबा निवृत्त होऊन नागपुरात परतले होते. मी लग्नानंतर माहेरी आले होते. एका दुपारी एक म्हातारा काखेत शेळीचं पिल्लू घेऊन दारात उभा राहिला. इतवारीत धान्याच्या पोत्यांची हातगाडी ओढतो म्हणाला, डॉक्टरसाहेब इथं राहतात असं कुणीतरी सांगितलं, पिल्लू काही खात नाही. आवाजावरून बाबांनी ओळखलं. पिल्लाचं पोट चाचपलं, औषध दिलं, कसं पाजायचं ते दोनदा सांगितलं. आईने ताट वाढलं. तो जेवला. बायको गेली, मुलीचं बरं चाललं आहे, असं त्याने सांगितलं. तक्रारीचा एक शब्द नाही. हात धुऊन झाल्यावर बाबांनीच विचारलं, “डोमाजी, त्या शिंगराचं काय झालं होतं?”

तो ओसरीच्या पायरीवर बसला. सावकाश सांगू लागला. मालकाने सांगितलं होतं, नदीत ने आणि काम संपवून ये. याच्याने झालं नाही. कन्हानला पाणी कमी होतं. त्याने शिंगराला पलीकडे नेलं, दोन कोस दूर एका पळसाच्या रानात सोडलं आणि काम झालं म्हणून सांगितलं. आमच्याकडे चहाचा कप धरून बसला होता, तो त्याच दिवशी.

“तिची माय हाका मारून राहिली होती न सायेब,” तो म्हणाला. “तीन दिवस. आवाज नदीपलीकडं जाय. तुम्ही सारे गेले अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पाह्यतो तं शिंगरू तबेल्याच्या दाराशी उभं. पोटापावतर ओलं.” त्याने शेळीच्या पिल्लाचे कान कुरवाळले. “मंग मले नाही धाडलं. दुसऱ्याले धाडलं. मले नदीच्या काठावर उभं करून ठेवलं.”

आई आत गेली. डोमाजीने पिल्लू उचललं, औषधाची बाटली खिशात ठेवली, आणि येतो जी म्हणून निघाला. बाबा फाटकापर्यंत गेले. परत येऊन खुर्चीत बसले आणि आपलं अधू मनगट चोळू लागले.

मग त्यांनी मला विचारलं, “कुंदा, तपासनिसापुढे मी नाही म्हटलं ते बरोबरच होतं न?”

मी लगेच हो म्हणाले. ते विचारत होते स्वतःबद्दल, आणि वही काढली होती मी. आज कुणी विचारलं तरी मी होच म्हणेन, पण एवढ्या लगेच नाही.